घरातल्या चिमुकल्या एफपीव्ही ड्रोनची शर्यत: आधी थ्रॉटल, मग वेग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मित्राचा ६५ मिलिमीटरचा एफपीव्ही ड्रोन (यात ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचे चित्र गॉगलमध्ये पाहत उडवतात) दोन संध्याकाळ उडवून पाहिल्यानंतर स्वतःचे साहित्य घेऊन बंदिस्त जागेतल्या शर्यतींत उतरण्याची इच्छा झाली आहे; मात्र ६५ घ्यावा की ७५, चित्र ॲनालॉग असावे की डिजिटल, हे ठरत नाही, आणि उडवताना जवळजवळ प्रत्येक वळणानंतर ड्रोन वर चढून गेटच्या (ज्यातून पार व्हायचे त्या चौकटीच्या) वरच्या कडेवर आपटतो. अधिक ताकदीच्या मोटरी घेतल्या तर हा त्रास जाईल का, असेही तुम्ही विचारले आहे. मी या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर नीट समजले की काय घ्यायचे आणि सराव कसा करायचा हे दोन्ही त्यातूनच ठरत जाते. त्रास जाणार नाही, बहुधा वाढेल.

ड्रोन पुढे जातो तो पुढे झुकल्यामुळे. जागेवर तरंगत असताना चारही पंख्यांचा सगळा रेटा वजन पेलण्याच्या कामी येतो. तोच ड्रोन ४५ अंश झुकला की रेट्याचा सुमारे ७१ टक्के भागच वजन पेलतो, म्हणून उंची टिकवायची तर एकूण रेटा जवळजवळ १.४ पट करावा लागतो. थ्रॉटल (चारही मोटरींना एकत्र दिली जाणारी ताकद) वाढवण्याचा हा भाग हात लवकर शिकतो, कारण खाली जाणारा ड्रोन डोळ्यांना लगेच दिसतो. अडचण वळण संपताना येते: तुम्ही ड्रोन सरळ करता, झुकाव जातो, पण झुकावासाठी दिलेला जादा थ्रॉटल हाताखाली तसाच राहतो आणि तो सगळा आता वर ढकलण्याच्या कामी लागतो. वेगात असताना नाक वर करून ब्रेक मारला तर हाच परिणाम आणखी तीव्र होतो. म्हणजे तुमची चूक वळणाच्या मध्यात नसून वळणातून बाहेर पडण्याच्या क्षणी आहे, आणि तिचा उपाय झुकाव कमी करणे व थ्रॉटल उतरवणे या दोन हालचाली एकाच वेळी करण्याची सवय लावून घेणे हा आहे. मोटरी जास्त ताकदीच्या असतील तर रिमोटवरच्या स्टिकच्या तेवढ्याच हालचालीला रेट्यात जास्त फरक पडतो आणि जी हालचाल अजून बारीक झालेली नाही ती आणखी महागात पडते.

बंद खोलीत यात हवेचाही वाटा असतो. जमिनीलगत पंख्यांखालची हवा दाबली जाऊन ड्रोनला आधार मिळतो, त्यामुळे तो अपेक्षेपेक्षा हलका वाटतो. उलट छताच्या अगदी जवळ गेल्यावर पंखे वरच्या अरुंद फटीतून हवा ओढतात, तिथला दाब उतरतो आणि ड्रोन छताला चिकटल्यासारखा होतो. तिथून सुटण्यासाठी थ्रॉटल बराच खाली आणावा लागतो आणि सुटताक्षणी तो दगडासारखा खाली येतो. लहान खोलीत आपणच ढवळलेल्या हवेतून पुन्हा जावे लागते, म्हणून तीव्र वळणानंतर ड्रोन थरथरतो किंवा डगमगतो. नवख्या माणसाला हे ड्रोनमधले बिघाड वाटतात आणि तो सेटिंग बदलत बसतो. खिडकी बंद, छताचा पंखा व वातानुकूलन बंद, एवढे केले तरी या डगमगण्याचा बराचसा भाग निघून जातो.

आता साहित्याकडे वळतो. माझा ठाम सल्ला असा की खर्चाचा पहिला मान रेडिओला, म्हणजे हातातल्या रिमोटला, द्यावा, त्यानंतर गॉगलला आणि ड्रोनला शेवटी. ड्रोन आपटणार आहे, त्याची चौकट तडकणार आहे, मोटरी बदलाव्या लागणार आहेत. चांगला रेडिओ मात्र पुढची अनेक वर्षे हातात राहतो आणि तुमची सगळी स्नायूंची आठवण त्याच्याच स्टिकवर तयार होते. रेडिओ एक्सप्रेसएलआरएस या मुक्त प्रणालीवर, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा घ्यावा. आज बाजारात येणाऱ्या बहुतेक चिमुकल्या ड्रोनच्या फलकावरच तिचा रिसीव्हर बसवलेला असतो आणि ड्रोन बदलला तरी रेडिओ बदलावा लागत नाही. तो यूएसबी तारेने संगणकाला जोडून सिम्युलेटरमध्ये वापरता येतो, हे मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. व्हेलॉसिड्रोन किंवा लिफ्टऑफ: मायक्रो ड्रोन्स यांसारख्या सिम्युलेटरमध्ये या आकाराचे ड्रोन आणि घराच्या आतले मार्ग मिळतात. ड्रोन हाती येण्यापूर्वी तिथे रोज अर्धा तास याप्रमाणे दोन-तीन आठवडे घालवले, तर पहिल्या महिन्यात मोडणारे भाग निम्म्याहून कमी होतात, असे मी ज्यांना शिकवले त्यांच्याकडे पाहून खात्रीने सांगू शकतो.

६५ आणि ७५ हे आकडे समोरासमोरच्या तिरप्या मोटरींमधले अंतर मिलिमीटरमध्ये सांगतात. ६५ च्या चौकटीत ३१ मिलिमीटर व्यासाचे पंखे बसतात, बॅटरीशिवाय वजन साधारण २० ग्रॅमच्या आसपास असते आणि तो ३०० मिलिअँपिअर-तासाच्या एका सेलवर उडतो. ७५ मध्ये ४० मिलिमीटरचे पंखे आणि मोठी बॅटरी येते. तो हवेत जास्त स्थिर वाटतो आणि जास्त वेळ उडतो, पण त्याला वळायला जागा लागते व तो आपटतो तेव्हा जोरात आपटतो. तुमचा बहुतेक सराव घराच्या खोल्यांत होणार असेल, तर ६५ घ्या. मोठे सभागृह नियमित मिळणार असेल तरच ७५ चा विचार करावा. या छोट्या ड्रोनना सर्रास व्हूप म्हणतात. २०१६ च्या सुमारास इंडक्ट्रिक्स नावाच्या खेळण्यातल्या ड्रोनवर नखाएवढा कॅमेरा बसवून काही हौशी लोक घरात उडवू लागले आणि टायनी व्हूप हे नाव तिथून रूढ झाले. त्या वेळच्या ब्रश असलेल्या मोटरी थोड्याच दिवसांत झिजत. आजच्या ब्रशविरहित मोटरी जपून वापरल्या तर महिनोन्‌महिने टिकतात. पंख्यांभोवतीचे प्लास्टिकचे गोल कडे मात्र तेव्हापासून आजतागायत कायम आहे, आणि हा खेळ घरात खेळता येतो तो मुख्यतः त्या कड्यामुळे.

मोटरीवर लिहिलेला केव्ही हा आकडा भार नसताना एका व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे दाखवतो. ६५ च्या वर्गात १९,००० पासून २७,००० पर्यंतचे आकडे आढळतात. पहिल्या ड्रोनसाठी या पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यातली मोटर घ्यावी. ती बॅटरी कमी ओढते आणि थ्रॉटलला मवाळ प्रतिसाद देते. मोटरी आधीच तेज असतील तर बीटाफ्लाइट या ड्रोन नियंत्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या थ्रॉटल लिमिट या सोयीत स्केल हा पर्याय निवडून ७० किंवा ८० टक्के मर्यादा घालावी. त्यामुळे स्टिकचा पूर्ण प्रवास कमी ताकदीवर पसरतो आणि बोटाला बारीक फरक करायला जागा मिळते. क्लिप हा दुसरा पर्याय फक्त वरची ताकद कापतो, मधला प्रतिसाद तसाच तीव्र ठेवतो, म्हणून तो येथे उपयोगाचा नाही.

ॲनालॉग की डिजिटल, या वादात लोक चित्राच्या स्पष्टतेवर अडकतात, पण शर्यतीसाठी वजन आणि विलंब यांचे महत्त्व जास्त आहे. २० ग्रॅमच्या ड्रोनवर दोन-तीन ग्रॅम वाढले की वळणात ते लगेच जाणवते. ॲनालॉग प्रक्षेपक सर्वांत हलका असतो, विलंब अत्यल्प असतो आणि संकेत कमजोर झाला की चित्रात हळूहळू मुंग्या वाढतात, त्यामुळे काय होत आहे हे कळून तुम्ही सावरू शकता. डिजिटलमध्ये चित्र फार सुंदर दिसते, पण काही प्रणालींत संकेत ढासळताना विलंब वाढतो किंवा चित्र गोठते. एचडीझिरो ही डिजिटल प्रणाली कमी आणि स्थिर विलंबासाठी शर्यतवाल्यांना आवडते. तरीही निर्णय घेण्यापूर्वी ज्यांच्यासोबत उडवणार आहात ते काय वापरतात हे विचारा. चौघे ॲनालॉगवर आणि तुम्ही एकटे वेगळ्या प्रणालीवर असाल, तर वारंवारता वाटून घेणे अवघड होते आणि एकमेकांच्या उड्डाणांतून शिकण्याची मोठी संधीही जाते. ॲनालॉग गॉगल घेताना दोन अँटेना आणि दोन रिसीव्हर असलेला घ्यावा, व निदान एक अँटेना वर्तुळाकार ध्रुवीकरणाची असावी. खोलीत संकेत भिंती, कपाटे आणि लोखंडी सळ्यांवरून परावर्तित होऊन पुन्हा येतात, आणि अशी अँटेना त्यांपैकी बऱ्याच परावर्तनांना दाद देत नाही.

बॅटऱ्यांच्या बाबतीत कंजुषी करू नका. एका बॅटरीवर तीन मिनिटांच्या आसपास उड्डाण मिळते, म्हणून दोन बॅटऱ्या घेऊन बसलेल्या माणसाचा सराव सुरू होण्याआधीच संपतो. किमान सहा ते आठ हव्यात. या आकारात बहुधा उच्च व्होल्टेजच्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या येतात, त्या ४.३५ व्होल्टपर्यंत चार्ज करायच्या असतात. साध्या लिथियम पॉलिमरची मर्यादा ४.२ व्होल्ट आहे आणि चार्जरवरची निवड चुकली तर बॅटरी धोकादायक होते. ३०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी ०.३ अँपिअरने चार्ज करावी, उड्डाणानंतर ती थंड होऊ द्यावी, आणि दोन-तीन दिवस वापरायची नसेल तर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी कधीही पुन्हा वापरू नये आणि चार्जिंग लावून घराबाहेर जाऊ नये. उडताना गॉगलमध्ये दिसणारे व्होल्टेज भाराखालचे असते; थ्रॉटल दिला की ते झपकन उतरते आणि सोडला की परत चढते. ते ३.३ च्या खाली स्थिरावू लागले की उतरायचे. जोडणीच्या टोकांकडेही लक्ष द्या: जुन्या पीएच २.० जोडणीत वीज वाहताना जास्त व्होल्टेज वाया जाते, बीटी २.० किंवा ए३० या जोडण्यांत कमी. वेगवेगळे प्रकार मिसळून घेऊ नका, एकच निवडा.

येथे पुन्हा थ्रॉटलकडे यावे लागते. भरलेल्या बॅटरीवर ड्रोन ज्या स्टिकच्या जागी तरंगतो, त्याच जागी तो दोन मिनिटांनंतर खाली बसू लागतो, कारण व्होल्टेज उतरलेले असते. म्हणून तरंगण्याची जागा ही एक ठरलेली खूण आहे असे मानून शिकू नका. ती उड्डाणभर सरकत असते. बीटाफ्लाइटमध्ये हा फरक भरून काढणारी सोय आहे, पण पहिले काही आठवडे ती न लावता उडवावे असे माझे मत आहे. हाताला बॅटरी कळली पाहिजे.

अँगल मोड की ॲक्रो, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. अँगलमध्ये स्टिक सोडली की ड्रोन आपोआप सपाट होतो. ॲक्रोमध्ये तो जसा झुकवला तसाच राहतो. सिम्युलेटरमध्ये पहिल्या दिवसापासून ॲक्रो शिका, आणि खोलीत मात्र सुरुवातीचा महिना अँगलमध्ये उडवा. थ्रॉटलचा धडा दोन्हींत सारखाच आहे, आणि अरुंद मार्गावर अँगलमध्ये नीट उडवणारा माणूस ॲक्रोमध्ये धडपडणाऱ्याच्या पुढे राहतो. कॅमेरा वर किती कललेला आहे तो कोन १५ ते २० अंशांवर ठेवा. कोन २५ अंश असेल तर समोरचे सरळ पाहण्यासाठी ड्रोन २५ अंश पुढे झुकलेला असावा लागतो, म्हणजे तो सतत पुढे धावत असतो. हळू उडवायचे म्हटले तरी नजर छताकडे जाते. वेग वाढला की कोन दोन-तीन अंशांनी वाढवत जावे.

सरावाचा पहिला टप्पा गेटशिवाय करा. दोन खुर्च्या साधारण दोन मीटरवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात फिरा. या आकारात डावे आणि उजवे वळण आलटून पालटून येते, त्यामुळे एकाच बाजूची सवय लागत नाही. अट एकच: खुर्चीच्या बैठकीची कड गॉगलमध्ये नेहमी त्याच उंचीवर दिसली पाहिजे. वेगाचा विचारही करू नका. सलग एक बॅटरी याच उंचीवर गेली की टेबलाखालून जाणे सुरू करा, कारण टेबल वर चढण्याची चूक लगेच दाखवते आणि गेटपेक्षा जास्त प्रामाणिकपणे दाखवते. त्यानंतर गेट लावा. गेटकडे पाहू नका, त्याच्या आतल्या मोकळ्या जागेकडे पाहा, आणि ड्रोन गेटमध्ये शिरायच्या आधीच नजर पुढच्या गेटवर गेलेली असू द्या. जिथे नजर अडकते तिथे ड्रोन जातो. खांबाकडे पाहणारा खांबावरच आपटतो. वळणाच्या बाबतीत, गेट ओलांडल्यानंतर वळायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. गेटकडे थोडे बाहेरून येऊन, आधीच वळत असताना त्यातून जावे, म्हणजे बाहेर पडताना पुढचे गेट समोर असते आणि तो थ्रॉटल उतरवण्याचा क्षण घाईचा राहत नाही.

पूर्ण थ्रॉटल देऊन त्याच क्षणी जोरात यॉ करण्याची (ड्रोन सपाट ठेवून नाक डावी-उजवीकडे फिरवण्याची) सवय लागू देऊ नका. मोटरी आधीच आपल्या मर्यादेवर असतात, फिरवण्यासाठी राखीव ताकद उरत नाही, आणि ड्रोन स्वतःभोवती गरगर फिरून भिंतीला लागतो. वळण रोल (बाजूला झुकणे) आणि यॉ एकत्र वापरून घ्यावे, यॉ एकट्याने नव्हे.

आपटल्यावर पहिली हालचाल ड्रोन बंद करण्याची असली पाहिजे. पंखा अडकलेला असताना थ्रॉटल देत राहिल्यास मोटर आणि तिला वीज देणारा भाग काही क्षणांत जळू शकतो. उलटा पडला असेल तर टर्टल मोडने (मोटरी उलट फिरवून ड्रोन पालटणाऱ्या सोयीने) सरळ करा, पण पंखे मोकळे आहेत याची खात्री करून. दर काही उड्डाणांनंतर मोटरीच्या दांड्याभोवती गुंडाळलेले केस आणि गालिच्याचे धागे चिमट्याने काढा. मोटर गरम होणे आणि बॅटरी लवकर संपणे यांचे सर्वांत सामान्य कारण तेच असते. वाकलेला पंखा सरळ करून वापरू नका, बदला. ड्रोन जमिनीवर चालू स्थितीत फार वेळ ठेवू नका, कारण चित्र प्रक्षेपक थंड होतो तो उडतानाच्या वाऱ्याने. वजन तीस ग्रॅमच्या आत असले तरी डोळे जपावेत. मुले आणि पाळीव प्राणी खोलीत असताना उडवू नये.

इतरांसोबत उडवायला लागाल तेव्हा एक नियम सर्वांआधी पाठ करा: कोणी हवेत असताना न विचारता आपल्या ड्रोनला बॅटरी लावायची नाही. तुमचा प्रक्षेपक चुकून दुसऱ्याच्या वाहिनीवर असेल तर त्याचे चित्र तत्क्षणी जाते आणि शर्यत तिथेच संपते. मी हे अनेक वेळा होताना पाहिले आहे, आणि ज्याची शर्यत गेली त्याला त्यावर काहीही इलाज नसतो. शर्यतीत सामान्यतः २५ मिलिवॉटवर प्रक्षेपण करतात. खोलीसाठी ते पुरेसे असते आणि ताकद वाढवल्यास तुमचे चित्र फारसे सुधारत नाही, दुसऱ्याचे मात्र बिघडते. वापरायच्या वारंवारता व ताकद यांबाबत आपल्या देशातले नियम आधी पाहून घ्यावेत.

वाहिन्या वाटतानाही थोडे गणित लागते. रेसबँड या शर्यतींत वापरल्या जाणाऱ्या संचातल्या आठ चित्रवाहिन्या ५६५८ मेगाहर्ट्झपासून ५९१७ पर्यंत ३७ मेगाहर्ट्झच्या समान अंतरावर आहेत. दोन प्रक्षेपक जवळ आले की त्यांच्या मिसळण्यातून नवे संकेत तयार होतात; त्यांची जागा एका वारंवारतेची दुप्पट उणे दुसरी वारंवारता या हिशोबाने मिळते. वाहिनी १ ची वारंवारता ५६५८ आणि २ ची ५६९५ आहे; ५६९५ ची दुप्पट ११,३९० आणि त्यातून ५६५८ वजा केले की ५७३२ येते, म्हणजे नेमकी वाहिनी ३. म्हणून चौघांनी १, २, ३, ४ घेणे ही सर्वांत वाईट वाटणी आहे, आणि १, ३, ६, ८ घेतल्यास असे भुताटकीचे संकेत कोणाच्याही वाहिनीवर पडत नाहीत. सहा जण असतील तर फक्त रेसबँडवर भागत नाही; ५६५८, ५६९५, ५७६०, ५८००, ५८८० आणि ५९१७ हा संच शर्यतवाल्यांनी याच हिशोबाने निवडलेला आहे. फेऱ्यांचा वेळ मोजण्यासाठी रोटरहॅझर्ड ही मुक्त प्रणाली बऱ्याच ठिकाणी वापरतात. ती प्रत्येक ड्रोनच्या चित्र संकेताची तीव्रता मोजते आणि ड्रोन गेटजवळून गेला की संकेत शिखरावर पोहोचल्याचे ओळखते, त्यामुळे ड्रोनवर वेगळे काही लावावे लागत नाही. वाहिनी चुकली तर तुमच्या फेऱ्या मोजल्याच जात नाहीत, हेही लक्षात ठेवा.

पहिल्या शर्यतीला किती दिवस लागतील, याचे उत्तर दिवसांत देत नाही, फेऱ्यांत देतो. शर्यत बहुधा ठरलेल्या वेळात सर्वाधिक फेऱ्या अशी असते. दोन मिनिटांत १२ सेकंदांची न आपटता केलेली फेरी दहा वेळा होते. १० सेकंदांची फेरी मारणारा, पण तीनदा आपटून प्रत्येक वेळी १० सेकंद घालवणारा माणूस फक्त नऊ फेऱ्या पूर्ण करतो. म्हणून सरावात सर्वांत वेगवान फेरी लिहून ठेवू नका. सलग दहा फेऱ्यांमधली सर्वांत हळू आणि सर्वांत वेगवान यांच्यातला फरक लिहा. तो फरक एका सेकंदाच्या आत आला आणि त्या दहांत एकदाही आपटला नाहीत, की शर्यतीला जा. त्यानंतर थ्रॉटलची मर्यादा पाच टक्क्यांनी वाढवा, फरक पुन्हा वाढेल, तो पुन्हा एका सेकंदाच्या आत आणा, आणि असे करत मर्यादा १०० टक्क्यांवर पोहोचली व तरीही सरळ पट्ट्यात ड्रोन कमी पडतो आहे असे वाटले, तेव्हा जास्त केव्हीच्या मोटरी मागवा.